पुनाजीची आरोळी

पुनाजीने तो फोन लावायला नको होता. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, आणि संध्याकाळी फोन करायचा नाही हे गुंजनने विमानात बसायच्या आधी बापाकडून दहा वेळा वदवून घेतलं होतं. आपल्याकडे दिवस मावळायला आला की तिकडे उजाडतं, म्हणून फोन सकाळच्या चहाला करायचा, संध्याकाळच्या चहाला नाही. इतकी साधी गोष्ट. पण माणसाची अब्रू पणाला लागली की तो हातातला चहा कोणत्या वेळचा आहे हे बघत नाही.

त्याचं असं झालं. आष्टीच्या रस्त्याला प्रभाकररावांचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि बगीच्याच्या कोपऱ्यावर, तारेच्या कुंपणाला पाठ टेकून, कांताबाईचा चहाचा ठेला. पुनाजी त्या बगीच्याचा राखणदार. वानरं हाकलायची हे त्याचं काम, आणि ते तो तीस वर्षं करत होता. प्रभाकरराव रोज संध्याकाळी आष्टीतलं दुकान नोकरावर सोपवून बगीचा बघायला यायचे. बगीचा पाच मिनिटं बघायचे आणि ठेल्यावर बसून अर्धा तास आपल्या आदेशबद्दल बोलायचे. आदेश पुण्याला ऑफिसात होता आणि त्या दिवशी त्याला नवी खुर्ची मिळाली होती. ती गोल फिरायची, खालीवर व्हायची, आणि मागे टेकलं तर साहेबालासुद्धा डुलकी लागावी अशी होती, असं प्रभाकरराव सांगत होते.

"तुह्या गुंजनले कशी खुर्ची हाये रे, पुनाजी?" त्यांनी सहज विचारलं.

आता गुंजनला खुर्ची नव्हती. टेबलही नव्हतं, आणि भिंतीच नसल्यामुळे ज्याला ऑफिस म्हणावं असंही काही नव्हतं. पण कोस्टा रिका नावाच्या देशात आपली लेक मोठ्या ऑफिसात लागली असं पुनाजीने तीन महिन्यांपूर्वी याच बाकावर बसून सांगितलं होतं, आणि सांगितलेलं निभावणं भाग होतं.

"हाये तशीच. फिरनारी," तो म्हणाला. "थांबा, तिलेच इचारतो."

त्याने फोन लावला. तिकडे घंटी गेली, बराच वेळ वाजली आणि बंद पडली. मीटिंगमध्ये असेल, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला, चहा संपवला आणि तो मचाणाकडे चालता झाला. प्रकरण संपलं असं त्याला वाटलं. तिकडे नेमकं काय झालं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, पण आपण तोवर ताटकळत बसण्यात अर्थ नाही.

गुंजनची नोकरी अशी होती: पहाटे साडेतीनला उठायचं, कपाळाला दिवा बांधायचा आणि अंधारात दीड तास चालायचं, कारण माकडं जागी व्हायच्या आत ती ज्या झाडावर झोपली त्या झाडाखाली आपण हजर पाहिजे. मग दिवसभर त्यांच्यामागे. ती ओढ्यातून गेली तर ओढ्यातून, काट्यातून गेली तर काट्यातून. दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं की कोण कुठे आहे, काय खातंय, कोण कोणाच्या उवा काढतंय. टोळीत एकतीस माकडं, बोक्याएवढी, काळ्या अंगाची आणि पांढऱ्या तोंडाची, आणि त्या एकतीसांनाही नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचं. त्यांच्यादेखत खायचं नाही, हसताना दात दाखवायचे नाहीत, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. ती झोपली की ते झाड नकाशावर टिपून परत यायचं आणि अंगावरच्या गोचिड्या काढत बसायचं. पहिल्या आठवड्यात तिने त्या मोजल्या, नंतर मोजणं सोडलं.

आणि इतकं असूनही ती आईशी, म्हणजे रामबाईशी, फोनवर बोलायला लागली की तिचा आवाज भरून यायचा. टोळीत दोन म्हाताऱ्या मैत्रिणी होत्या. त्या एकमेकींच्या नाकात बोट घालून, डोळे मिटून, अर्धा अर्धा तास बसायच्या. ती त्यांच्यातली भरवशाची खूण, असं गुंजन सांगायची. हे पाहायला मिळतं म्हणून साडेतीनला उठायचं काही वाटत नाही, असंही सांगायची. रामबाई ऐकून घ्यायची, आणि फोन ठेवल्यावर पुनाजीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायची.

पुनाजीला मात्र या नोकरीची मनातून लाज वाटत होती. वानरांमागे धावून त्याचे पाय झिजले. पोरीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून त्याने तिला आश्रमशाळेत घातलं, वर्ध्याला कॉलेजात घातलं. पोरगी शिकली, पहिली आली, विमानात बसली आणि सात समुद्र ओलांडून माकडांमागे धावायला लागली. हे चार लोकांत सांगायचं कसं? म्हणून ऑफिस.

तर पहिले तीन महिने गुंजन शिकाऊ होती. शेवटी परीक्षा असते. दोन दिवस टोळी एकटीने सांभाळायची. जमलं तर दोन वर्षांची नेमणूक, नाही तर शनिवारचं विमान. पुनाजीने ज्या संध्याकाळी फोन लावला ती तिच्या परीक्षेची पहिली सकाळ होती. टोळी टेकडीवरच्या एका मोठ्या उंबरावर न्याहारीला बसली होती. आपल्या उंबराच्याच जातीचं झाड ते, फळांनी लगडलेलं. त्या सगळ्या रानात फोनला रेंज येते ती फक्त त्या टेकडीवर. रानात फोन बंद ठेवायचा हा तिथला पहिला नियम, पण त्या झाडाचा फोटो आईला पाठवावा म्हणून गुंजनने फोन उघडला होता आणि बंद करायला ती विसरली होती.

एवढ्यावरही निभावलं असतं. साध्या घंटीने माकडं दचकली असती आणि पुन्हा खायला लागली असती. पण बापाचा फोन आला की ओळखू यावा म्हणून गुंजनने त्याच्यासाठी वेगळी घंटी लावली होती. जायच्या आदल्या दिवशी तिने बगीच्यात उभं राहून बापाची आरोळी फोनमध्ये भरून घेतली होती. घरची फार आठवण आली की ती उशीखाली फोन धरून ती ऐकायची.

पुनाजीची आरोळी म्हणजे काय ते आष्टी तालुक्यात कोणी विचारत नाही. "हाऽऽऽ हुर्र हुर्र हुर्रऽऽ" अशी ती पोटातून निघते आणि पलीकडच्या गावात पोचते. तिकडच्या बायका त्या आवाजावर चूल पेटवतात. तीस वर्षांत असं एकही वानर निघालं नव्हतं जे ती ऐकून जागेवर बसून राहिलं. कोस्टा रिकाची माकडं तर ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होती. एकतीसच्या एकतीस पाच पळांत झाडावरून नाहीशी झाली. गुंजन त्यांच्यामागे दिवसभर उत्तरेकडच्या दरीपर्यंत शोधत फिरली. तिला एक शेपूटसुद्धा दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला फोन आला. पुनाजीचा फोन एकदा मचाणावरून पडला होता. तेव्हापासून तो कानाला लावून ऐकू येत नसे; मोठ्याने ऐकायचं बटण दाबलं तरच बोलत असे. त्यामुळे रामबाईने घेतलेला फोन त्यालाही ऐकू आला.

"आई, माकडं हरवली," गुंजन म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, घंटीसुद्धा. ती बापावर चिडली नाही. चिडली असती तर पुनाजीला बरं वाटलं असतं. उद्या दुपारपर्यंत टोळी सापडली नाही तर सामान बांध, असं तिथल्या मोठ्या मॅडमनी सांगितलं होतं, आणि उजाडायच्या आत दरीपासून शोधायला सुरुवात कर, असंही.

रामबाईने फोन ठेवला. "तुमी काल संध्याकाळी फोन केलता?"

"केलता."

"कायले?"

"खुर्चीचं इचाराले," तो म्हणाला.

यावर रामबाईने जे काही म्हटलं ते गोंडीत होतं आणि थोडक्यात होतं. पुनाजी न्याहारी न करताच बगीच्यात गेला.

मार्च महिना होता. मृग बहाराची संत्री पिकून पिवळी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी व्यापारी तोडा करायला यायचा होता. पुनाजी मचाणावर बसला. नवाच्या सुमाराला वानरांची टोळी नाल्याकडून आली. त्याने सवयीने आरोळी दिली. टोळी पळाली. एरवी त्याचं काम इथे संपायचं. आरोळी द्यायची, वानरं पळाली की चिलीम नाही तर तंबाखू काढायची, आणि पुन्हा आली की पुन्हा आरोळी द्यायची. आरोळी दिल्यावर वानरं जातात कुठे आणि करतात काय, हे त्याने तीस वर्षांत बसून पाहिलं नव्हतं. आज त्याला तंबाखू नकोशी होती, म्हणून तो बघत बसला.

वानरं नाल्यापर्यंत पळाली आणि थांबली. एक कान फाटलेली म्हातारी पुढे बसली आणि मचाणाकडे बघायला लागली. पुनाजीनेही तिच्याकडे पाहिलं. जोवर तो बघत होता तोवर एक पिल्लूसुद्धा हललं नाही. मग त्याने पाणी प्यायला मान वळवली. पुन्हा पाहतो तर म्हातारी दहा पावलं पुढे आलेली. त्याने मुद्दाम पाठ केली आणि मनात शंभर आकडे म्हटले. वळला, तर अख्खी टोळी बगीच्याला अर्धा वळसा घालून त्याच्या मागच्या बाजूला, नेमकी ज्या झाडावरून हाकलली होती त्याच झाडाशी येऊन बसली होती. चालल्याचा आवाज नाही, फांदीची करकर नाही. त्याने पुन्हा आरोळी दिली, पुन्हा पाठ केली, पुन्हा तेच. दुपारपर्यंत त्याने सात वेळा हेच केलं. सातही वेळा ती त्याच झाडावर परत आली.

तीस वर्षं आपण यांची राखण करतो असं पुनाजी समजत होता, आणि ही जनावरं तीस वर्षं त्याची राखण करत होती. तो कधी पाणी पितो, कधी वळतो, कधी पेंगतो, सगळं त्यांना ठाऊक. त्यातली एकसुद्धा गोष्ट त्याला त्यांच्याबद्दल ठाऊक नव्हती. पोरगी सात समुद्रांपार काय बघायला गेली आहे ते त्याला त्या मचाणावर पहिल्यांदा समजलं, आणि लागलीच दुसरीही गोष्ट समजली. तो उडी टाकून ठेल्याकडे पळाला, कारण बगीच्यात रेंज नाही. ती ठेल्यावर येते.

तीन वाजले होते. तिकडे पहाटेचे साडेतीन, म्हणजे गुंजन बुटाच्या नाड्या बांधत होती. ठेल्यावर कांताबाईशिवाय कोणी नव्हतं, तरी खबरदारी म्हणून पुनाजी गोंडीत बोलला. दरीत जाऊ नको, असं त्याने लेकीला सांगितलं. पंगत अर्ध्यावर सोडून उठलेलं कोणीच लांब जात नाही, आणि हाकलणारा घरी गेला की त्याच पानावर येऊन बसतं. काल तू अंधार पडल्यावर परत फिरलीस तेव्हाच ती उंबराकडे निघाली असतील. गुंजन म्हणाली की मॅडमनी दरी सांगितली आहे. पुनाजी म्हणाला की मॅडमनी किती वर्षं माकडं हाकलली आहेत ते आधी विचार. मग तिने एवढंच सांगितलं की इकडे पाच वाजले की उंबराखालून ती स्वतः फोन करील.

गोंडीत बोलल्याचा फायदा एवढाच झाला की कांताबाईने कान देऊन ऐकलं. चाळीस वर्षं रानातल्या माणसांना चहा पाजता पाजता तिला गोंडी चांगली येत होती. पुनाजीला ते माहीत नव्हतं, कारण तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. पाच वाजेपर्यंत ठेल्यावर जे जे आलं त्याला चहाबरोबर ही हकिगत मिळाली. रामबाई एकट्या नवऱ्याच्या हातात फोन द्यायला तयार नव्हती, म्हणून तीही आली. आणि पाचाच्या ठोक्याला प्रभाकररावांची गाडी येऊन थांबली.

"काय रे पुनाजी," ते बाकावर बसत म्हणाले, "तुह्या पोरीले खुर्चीच नाई म्हनते?"

पुनाजीने कांताबाईकडे पाहिलं. कांताबाई दुधाकडे बघत होती.

"नाई, भाऊ," तो म्हणाला. "खुर्ची नाई, ऑफिसबी नाई. वांदराइच्या मांगं फिरते. माह्यासारखी." मग त्याने घंटीपासून शनिवारच्या विमानापर्यंत सगळं सांगून टाकलं. खोटं उचलून धरायला जेवढी ताकद लागते तेवढी त्याच्यात उरली नव्हती.

प्रभाकररावांनी यावर काही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला. पुनाजीने बटण दाबून तो बाकावर ठेवला. ठेल्यावरची सगळी माणसं कुंपणाकडे पाठ करून बाकाभोवती गोळा झाली. फोनमधून आधी गुंजनचा श्वास ऐकू आला. मग तिच्यामागून कुठून तरी अशी एक डरकाळी आली की कांताबाईच्या हातातला ग्लास खाली पडला.

"वाघ हाये का तिथं?" रामबाईने विचारलं.

"माकडं हायेत, आई. दुसऱ्या जातीची," गुंजन अगदी हळू म्हणाली. "उजाडलं का अशी ओरडतात. दोन कोसावर आवाज जाते." पुनाजीने मान हलवली. आपल्याहून मोठी आरोळी त्याने पहिल्यांदाच ऐकली होती, आणि तो मनापासून ऐकत राहिला.

मग गुंजनने सांगितलं की उंबर रिकामा आहे. खाली कालपेक्षा जास्त उष्टी फळं पडली आहेत, पण झाडावर कोणी नाही. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"तू काय करून राह्यली आता?" पुनाजीने विचारलं.

"झाडाकडे पाहून राह्यली."

"तेच तं चुकते तुहं, माय. तू त्याइची राखनदार झाली. राखनदार पाहून राह्यला तोवर थे येत नाई. पाठ कर झाडाकडे. बस खाली, अन् मांगं पाहू नोको. काई झालं तरी पाहू नोको."

पलीकडे पानं वाजली; ती पाठ करून खाली बसली. मग गुंजन म्हणाली की ती फोन मुळाशी ठेवते आहे, हातात चमकायला नको म्हणून. "चालूच राहू द्या. पण बाबा, आता कोनी बोलू नोका. तुमचा आवाज इथं मोठ्यानं येते. अन् फोन कापूबी नोका. कापला का तो टुंग टुंग करते."

ठेला चिडीचूप झाला. कांताबाईने स्टोव्ह बंद केला. रस्त्याने एक मोटरसायकलवाला हॉर्न देत आला, त्याला प्रभाकररावांनी दोन्ही हात जोडून थांबवलं, आणि तोही गाडी लोटत येऊन बाकाशी उभा राहिला. फोनमधून कोस्टा रिकाची सकाळ ऐकू येत होती. पोपट होते, कुठेतरी पाणी होतं, वाळलेली पानं होती. पानं आपल्या सागवानाच्या पानांसारखीच वाजत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्या माणसांपैकी कोणी आष्टीच्या फार पुढे गेलेलं नव्हतं, आणि ती सगळी परक्या देशातल्या एका झाडाला पाठ करून बसल्यासारखी श्वास धरून बसली होती.

मग टप् असा आवाज आला. काहीतरी पानांवर पडलं. पुन्हा टप्. मग टप् टप् टप्. पुनाजीने डोळे मिटले. वरून उष्टी फळं पडण्याचा आवाज जगात कुठेही सारखाच असतो, हे त्याला पहिल्या टपलाच कळलं होतं. रामबाईने पदर तोंडाला लावला. फांद्या सळसळल्या, पिल्लांची किचकिच सुरू झाली, आणि मग अगदी जवळ, फोनच्या तोंडाशीच, कोणीतरी श्वास घेतला.

माणसाचा नव्हता तो. लहान, घाईघाईचा, हुंगल्यासारखा श्वास होता. कोणीतरी खाली उतरून त्या मुळाशी ठेवलेल्या वस्तूची चौकशी करत होतं. कांताबाईच्या बाकावर, चहाच्या ग्लासांमध्ये, समुद्रापलीकडचं एक माकड श्वास घेत होतं, आणि पाच-सात माणसं त्यावर ओणवी झाली होती. प्रभाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना स्वतःलाच ते का आलं ते सांगता आलं नसतं.

नेमकं तेव्हा रामबाईने पुनाजीची बाही ओढली. तिने बोटाने नाही, नुसत्या डोळ्यांनी मागे दाखवलं.

पुनाजी वळला. कुंपणापलीकडे बगीचा होता, आणि बगीच्यात वानरं होती. एकदोन नाहीत, अख्खी टोळी. ती किती वेळ तिथे होती कोण जाणे. अर्धा तास त्या सगळ्यांची पाठ तिकडेच होती. झाडाझाडावर चार-चार बसून, घाई न करता, संत्री सोलून खात होती. कुंपणाच्या खांबावर ती फाटक्या कानाची म्हातारी बसली होती. तिच्या दोन्ही हातांत एकेक संत्रं होतं आणि ती पुनाजीकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

तीस वर्षांची सवय. पुनाजीची छाती फुगली, पोट आत गेलं, तोंड उघडलं, आणि आरोळी गळ्यापर्यंत आली. त्याच क्षणी त्याच्या तोंडावर एक जाडजूड हात दाबून बसला. बोटात प्रभाकररावांची पुष्कराजाची अंगठी होती.

"गप," बगीच्याचा मालक त्याच्या कानात म्हणाला. "पोरीची नौकरी जाईन."

मग जे झालं ते पाहायला तालुक्यातली माणसं यायला हवी होती. प्रभाकरराव चपला काढून, दुपट्टा फिरवत, चवड्यांवर बगीच्यात शिरले. त्यांच्यामागे कांताबाई झारा घेऊन, तिच्यामागे तो मोटरसायकलवाला हेल्मेट उंचावून. कोणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. ती सगळी झाडाखाली उभी राहून हातवारे करत होती, दात ओठ खात होती, मुक्यानेच शिव्या देत होती. वानरांनी आजवर राखणदार पाहिला होता, फटाके पाहिले होते, गोफण पाहिली होती; असलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी खाणं थांबवलं आणि ती फांद्यांवर पुढे सरकून खाली बघायला लागली. एका पिल्लाने प्रभाकररावांच्या दुपट्ट्याचं टोक धरून पाहिलं आणि सोडून दिलं. मग पुन्हा सगळी खायला लागली.

पुनाजी फोनजवळच उभा होता. मागे बगीचा जात होता आणि पुढे पोरगी. त्याने दोन्हींकडे एकेकदा पाहिलं आणि तो फोनकडे तोंड करून बसला.

सूर्य टेकला तेव्हा फोनमधून कुजबुज आली. "बाबा, हळूच वळून मोजले." गुंजनला पुढचं बोलायला थोडा वेळ लागला. "एकतीस. बाबा, त्या दोघी म्हाताऱ्या माह्या बाजूलेच बसल्या हायेत. एकमेकीच्या नाकात बोट घालून."

पुनाजीने उत्तर दिलं नाही, कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं. तो नुसता हसला, आणि दात दिसू नयेत म्हणून त्याने तोंडावर हात धरला. फाटक्या कानाची म्हातारी खांबावरून उतरली, आणि तिच्यामागे टोळी पोटभर जेवून, कोणी न हाकलता, नाल्याकडच्या झाडांवर झोपायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. सालींचा सडा पडला होता. त्याने बगीच्यातून एक फेरी मारली, तो प्रभाकररावांकडे आला आणि म्हणाला की चाळीसेक झाडं साफ आहेत, काल राखणदार काय कामावर नव्हता का?

"होता ना," प्रभाकरराव म्हणाले. "काल त्याची ड्यूटी कोस्टा रिकाले होती."

व्यापाऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. तो पुनाजीकडे वळला आणि त्याने विचारलं की हे कोस्टा रिका काय प्रकरण आहे. पुनाजीने सांगितलं की तिकडे त्याची लेक नोकरीला आहे, सकाळीच फोन आला, दोन वर्षांसाठी पक्की झाली.

"अस्सं. काय करते पोरगी?"

ऑफिस हा शब्द पुनाजीच्या जिभेवर आला होता. प्रभाकररावांनी त्याच्याकडे पाहिलं, कांताबाईने ग्लास विसळायचं थांबवलं.

"माह्याच लाइनीत हाये," पुनाजी म्हणाला, आणि मचाणाकडे निघाला. नाल्यापाशी फाटक्या कानाची म्हातारी दिसत होती. तो मचाणावर चढला, तिच्याकडे पाठ करून बसला, आणि ती येण्याची वाट बघायला लागला.